मेमधलं लग्न, नाशिक: नऊवारी शिवलेली की नेसलेली? दागिने आणि नवरदेवाचं सोवळं यांबद्दलही हवंय

करवली_नाशिक

बहिणीचं लग्न मे महिन्यात नाशिकला आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. विधी सगळे होणार: गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी. हळद आणि सीमांतपूजन आदल्या दिवशी, स्वागतसमारंभ लग्नाच्याच संध्याकाळी. मांडव लॉनवर आहे, एसी फक्त वधू-वरांच्या खोल्यांत.

सध्या घरात तीन मतं आहेत. बहिणीला नऊवारी हवीच. आईला पैठणी हवी. सासरकडून लाल शालू येणार हे ठरलेलं आहे. त्यावर मामा विचारतोय की पिवळी साडी कुठली आणू. पैठणीचीच नऊवारी शिवून घ्यावी म्हणजे दोन गोष्टी एकात होतील, असं एका बुटीकवालीने सुचवलं आहे.

बहिणीची उंची पाच फूट एक इंच, अंगाने बारीक, नाक टोचलेलं नाही. आजीची ठुशी आणि पाटल्या खऱ्या आहेत, बाकीचे दागिने भाड्याने किंवा एक ग्रॅमचे घेऊ. नवरदेव पाच फूट अकरा, धोतर कधी नेसलेला नाही. त्याला फेटा हवाय, पण मुंडावळ्या आणि फेटा एकत्र कसे बसतात हे आम्हाला कोणालाच माहीत नाही. हातात चार महिने आहेत. कशापासून सुरुवात करू?

धोटा_तिल्ली

सुरुवात साडीपासून करू नका, विधींच्या कागदापासून करा. गुरुजींना फोन करून एवढंच विचारा की वधू कुठल्या विधीला कुठल्या साडीत बसणार आणि मध्ये बदलायला किती वेळ मिळणार. बऱ्याच घरांत गौरीहर ते मंगलाष्टकं मामाच्या पिवळ्या साडीत, म्हणजे अष्टपुत्रीत होतात आणि सासरची साडी कन्यादानानंतर, होमाच्या आधी नेसतात. काही घरी क्रम वेगळा असतो. तुमच्याकडे वरचा क्रम असेल तर तिन्ही मतं आपोआप जुळतात. मामाची पिवळी साडी हीच नऊवारी. होमाला शालू. पैठणी सहावारी घ्या आणि सीमांतपूजनाला नेसवा. संध्याकाळचा कार्यक्रम तिच्या आवडीवर सोडा, तिथे कोणाचे गुरुजी आक्षेप घेत नाहीत.

पैठणी कापून नऊवारी शिवायचा सल्ला मात्र ऐकू नका. सहावारी साडीत ब्लाऊजपीस धरून साधारण सव्वासहा मीटर कापड असतं. नऊवारीला नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर लागतं. सहावारीतून शिवतात ती पायाला घट्ट होते, ओचा (पुढच्या निऱ्यांचा घोळ) विरळ दिसतो, आणि एकदा कात्री लागली की ती साडी पुन्हा साडी होत नाही. हातमागाच्या पदराचं असं करणं जिवावर येतं. अस्सल नऊवारी पैठणी विणून मिळते, पण लग्नानंतर ती किती वेळा बाहेर निघेल याचा विचार घरीच करा.

पिवळी नऊवारी घेताना दुकानात मीटर लावून मोजायला सांगा. नऊवारी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही साड्या आठ मीटरच्याही आत भरतात, आणि ब्लाऊजपीस त्यातच धरलेला असेल तर नेसताना काष्ट्याला कापड उरत नाही. पाच फूट एकला काठ चार इंचांपर्यंतच ठेवा. आठ-नऊ इंचांचा काठ निऱ्यांमध्ये दुमडला की पाय दिसतच नाहीत, सगळा काठच दिसतो.

आता पैठणी. येवला किंवा पैठणला जाऊन घेतली तरी डोळे उघडे ठेवा, कारण त्याच बाजारात यंत्रमागाचा मालही असतो. पदर उलटा करून बघा. हातमागावर पदरातला मोर, मुनिया, अस्वलीची वेल हे सगळं छोट्या छोट्या तिल्ल्यांनी (धाग्याच्या रिळांनी) रंगागणिक वेगळं विणतात आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतात. त्यामुळे उलट बाजूलाही तीच नक्षी स्वच्छ दिसते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रावर, नक्षीमागून धागे आडवे मोकळे धावतात. ते कापून टाकले असतील तर बोटाला कुसं लागतात, आणि मागे जाळी चिकटवलेली असेल तर आणखीच संशय घ्या. हातमागाच्या काठाला, कापड ताणून धरणाऱ्या पट्टीची बारीक भोकं ठरावीक अंतरावर दिसतात. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, पदराची उलट बाजू हाच खरा पुरावा.

सिल्क मार्कचा टॅग असला की सगळं मिळालं असं समजू नका. तो रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा विक्रेता नोंदणीकृत आहे का हेही विचारा. जरी कुठली ते बिलावर लिहून घ्या. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली जरी आता क्वचित आणि महाग. बाजारात बहुतेक टेस्टेड जरी (तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली) असते, तिची किंमतही तशीच हवी.

रंग उन्हात आणि दिव्यात, दोन्हीकडे बघा. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येते, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली आवडलेला जांभळा लॉनवर चक्क तपकिरी दिसू शकतो. विणायला टाकायची असेल तर आजच टाका. साध्या नारळी काठाची, बारीक बुट्टीची साडी महिन्या-दीड महिन्यात उतरते. अंगभर ब्रोकेड आणि भरलेला पदर असेल तर चार महिने पुरतील याची हमी कोणीही विणकर देणार नाही.

फॉल सुती लावाल तर आधी भिजवून वाळवून घ्या. तो नंतर आटला तर काठ चुण्या पडून कायमचा आखडतो. नऊवारीला फॉल लावूच नका, काष्टा जाड होतो.

काष्टा_ओचा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. शिवलेली की नेसलेली यावर माझं मत ठाम आहे: एकच साडी दीड-दोन तास अंगावर राहणार आणि त्यात पाटावर मांडी घालून बसायचं असेल तर नेसलेली. स्टेजवर प्रवेश आणि फोटो एवढंच असेल तर शिवलेली चालेल. तुमच्याकडे गौरीहरला बसणं आहे.

शिवलेली फसते ती बैठकीला. शिंपी कंबर, नितंब आणि उंची घेतो आणि बैठकीचं माप अंदाजाने धरतो. उभं राहिलं की छान दिसतं, मांडी घातली की मागची शिवण ताणते आणि काष्टा खाली ओढला जातो. शिवायचीच ठरली तर मापं अशी घ्या: कंबर बेंबीच्या पातळीला, नितंब सर्वांत रुंद जागी, मांडीचा घेर बसून, कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची अनवाणी, आणि बैठक म्हणजे पुढे बेंबीपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप सैल धरून, वर तीन इंच. उंचीचं अनवाणी माप महत्त्वाचं, कारण मांडवात चपला काढायच्या असतात. टाचांच्या सँडलवर माप घेतलेली साडी बोहल्यावर पायात येते आणि सप्तपदीत नेमकी तीच अंगठ्याखाली सापडते. ट्रायलला पाटावर बसवा, उठवा, जिना चढवा. आरशासमोर उभं राहून ट्रायल झाली असं समजू नका.

नेसलेल्या नऊवारीत परकर नसतो. आत गुडघ्यापर्यंतची सुती सायकलिंग शॉर्ट, साडीच्याच रंगाच्या जवळची. क्रम असा: कमरेची गाठ, मग पदर काढून खांद्यावर पक्का करणे, मग उरलेल्या कापडाच्या निऱ्या, शेवटी काष्टा. पदर आधी बसवला नाही तर निऱ्या किती घ्यायच्या तेच कळत नाही आणि शेवटी पदर आखूड पडतो. रेशमावर रेशमाची गाठ घसरते. म्हणून गाठ मारल्यावर कमरेभोवती सव्वा-दीड इंच रुंदीची सुती पट्टी घट्ट बांधा आणि निऱ्या व काष्टा त्या पट्टीत खोचा. ही पट्टी असली की पिना निम्म्याने कमी लागतात. काष्टा खोचताना वधूला गुडघे किंचित वाकवून, पाय फुटभर लांब ठेवून उभं करा. ताठ उभी असताना खोचलेला काष्टा बसल्यावर हमखास निघतो.

पिन जरीतून घालू नका, जरीची तार तुटते आणि भोक राहतं. काठाच्या आत रेशमात घाला, आणि पिनेच्या गोल टोकात आधी एक मणी ओवा, म्हणजे साडीचे धागे त्या वळणात अडकणार नाहीत.

ब्लाऊज सगळेच शेवटी शिवायला टाकतात आणि मग रडतात. नवरदेव दहा इंचांनी उंच, त्यावर फेटा आणि तुरा. हार घालताना तिला दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागणार. मुंढा (बाही जोडायची गोलाई) खोल आणि सैल कापला तर हात वर गेले की सगळा ब्लाऊजच वर चढतो. मुंढा काखेजवळ बसता ठेवा, बाहीला सैलपणा द्या आणि ट्रायलला हात वर करून बघा. अस्तर सुतीच. दोन्ही बाजूंना आत इंचभर दाब (शिवणीतलं जादा कापड) सोडायला सांगा, कारण लग्नाआधीच्या महिन्यात वजन हलतंच. पहिली ट्रायल पंधरा दिवस आधी, दुसरी चार दिवस आधी.

करवली_नाशिक

खूपच उपयोगी! गुरुजींना विचारलं. क्रम तुम्ही म्हणालात तसाच आहे, साडी बदलायला अर्धा तास मिळेल. नऊवारी नेसलेलीच ठरवली. आता दागिने सांगा कोणीतरी. बहिणीने जी यादी केली आहे त्यात चिंचपेटी, ठुशी, तन्मणी, साज, लक्ष्मीहार, मोहनमाळ, बिंदी, झुबे, बुगडी, नथ, वाकी, तोडे, कंबरपट्टा, सगळंच आहे. 🙂

पेठेतला_गोंडा

यादीतून आत्ताच तीन गोष्टी खोडा: बिंदी, झुबे आणि लक्ष्मीहार किंवा साज यांपैकी एक.

कपाळावर मुंडावळ्या येणार आहेत. बिंदीची साखळी आणि मुंडावळीचा आडवा सर एकाच जागेसाठी भांडतात आणि पाच मिनिटांत दोन्ही तिरके होतात. मुंडावळ्यांचे लोंबते सर कानांच्या पुढून येतात, ते झुब्यांच्या घुंगरांत अडकतात. कानात मोत्यांच्या कुड्या घाला, त्या कानाला चिकटून बसतात. वरती चापाची बुगडी. झुबे संध्याकाळी घाला, आणि जड असतील तर वेल लावून भार केसांत घ्या.

गळ्यात वरून खाली: चिंचपेटी गळ्याला लागून, ठुशी गळ्याच्या बुडाशी, मग चार बोटं रिकामी जागा, मग एक लांब दागिना. ती जागा मंगळसूत्रासाठी. विधीच्या आधीच गळा भरून टाकला की मंगळसूत्र कुठेतरी मध्ये हरवतं. तन्मणी घ्यायचा असेल तर ठुशीऐवजी, दोन्ही एकाच उंचीवर येतात. पिवळ्या नऊवारीवर चिंचपेटी-तन्मणी-कुड्या असं मोत्यांचं ठेवा, शालूवर ठुशी आणि लांब सोन्याचं. म्हणजे बदलायच्या अर्ध्या तासात फक्त तन्मणी काढून ठुशी आणि साज चढवायचा.

साज घ्याल तर पानं मोजा. जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरी साजाला २१ पानं: दशावतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूचं एकेक, आणि मधलं डोरलं. हल्ली कमी पानांचे मिळतात, दिसायला वाईट नसतात, फक्त पूर्ण साजाचे पैसे देऊ नका. लक्ष्मीहार किंवा पुतळीहार भाड्याने आणताना मोहोरांच्या कडा सुती रुमालावर घासून बघा. रुमालाचा धागा निघाला तर पैठणीचाही निघेल. लांब हार पदराच्या वरून आला की उजवीकडे सरकतो. ब्लाऊजला दोन्ही खांद्यांवर मागच्या बाजूने दोऱ्याचा एकेक फासा शिवून घ्या आणि हाराची दोरी त्यातून ओवा.

आजीच्या ठुशीचा गोंडा बदलून घ्या. जुना दोरा कुजलेला असतो, आणि ओढून गळ्याला बसवताना तो तुटला की मणी मांडवभर होतात. मण्यांच्या आत लाख असेल तर ठुशी गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरजवळ नेऊ नका, लाख मऊ होऊन मणी चेपतात. पॉलिश करायला टाकण्याआधी आणि घेताना, दोन्ही वेळा वजन तुमच्यासमोर काट्यावर. नवीन सोनं घेणार असाल तर लाख, मोती, खडे वगळून निव्वळ वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) सक्तीचा आहे, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना सूट आहे, म्हणून मंगळसूत्राच्या छोट्या वाट्यांवर शिक्का नसेल तर लगेच दुकानदारावर धावून जाऊ नका, पण बिलावर कॅरट हवाच.

मंगळसूत्राचा फासा मोठा निवडा. नवरदेवाला ते गजरा, खोपा आणि पदर यांच्या मागे, न बघता लावायचं असतं. बारीक स्क्रूचा फासा म्हणजे सगळ्या पाहुण्यांसमोर तीन मिनिटांची शिक्षा.

हात. हिरवा चुडा मेंदीनंतर भरा, आधी भरला तर मेंदीवालीला मनगट मिळत नाही. माप चार बोटं आणि अंगठा जुळवून, सांध्यांच्या सर्वांत रुंद जागी घ्यायचं. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच व्यास, दोन-सहा म्हणजे त्याहून इंचाचा आठवा भाग जास्त. मेमध्ये हात थोडे फुगतात, तेव्हा सकाळी घट्ट जाणारं माप घेऊ नका. तोडे आणि पाटल्या त्याच मापाच्या आहेत ना ते आत्ताच बघा. आजीच्या पाटल्या सैल असतील तर त्या काचेच्या बांगड्यांवर आपटत राहतात. त्या मध्ये घाला, आणि दोन्ही टोकांना, पुढे तोडे आणि मागे पिछोडी, असे मापात बसणारे सोन्याचे दागिने, म्हणजे काच सरकत नाही आणि फुटत नाही. काही घरी एका हातात एक बांगडी जास्त भरतात, ते कासाराला आधी सांगा. एक डझन जादा घेऊन ठेवा.

वाकी बाहीवर येणार असेल तर रेशमावरून कोपराकडे घसरते. बाहीच्या आतल्या शिवणीला बारीक दोऱ्याचं घर करून वाकीचा दोरा त्यात अडकवा.

नथ चापाची. जितकी हलकी तितकी बरी. मोठी मोत्यांची नथ चापावर पुढे झुकते, आणि मग चाप आणखी आवळला की नाकपुडी लाल होते. ज्या जागी चाप बसणार तिथला मेकअप पुसून कोरडं करा, आतल्या बाजूला त्वचेला चालणाऱ्या दुहेरी चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा लावा. घरी अर्धा तास घालून पाणी पिऊन बघा. अत्तर, सेंट हे मोती घालायच्या आधी. मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि रात्री सगळ्यात आधी काढून मऊ फडक्याने पुसायचे.

आळूचं_फदफदं

एक ग्रॅमबद्दल थोडं वेगळं मत. गळ्यात एक खरी ठुशी आणि बाकी सगळं एक ग्रॅमचं असेल तर फोटोत खरीच खोटी दिसते! २२ कॅरटचा रंग जरा तांबूस-खोल असतो, मुलामा लखलखीत पिवळा. गळ्यात सगळं एकाच प्रकारचं ठेवा आणि खऱ्या पाटल्या हातात राहू द्या. किंवा भाड्याचे दागिने घ्यायला जाताना ठुशी सोबत नेऊन मॅट मुलाम्याशी जुळवा.

शेमला_सव्वा_हात

नवरदेवाचं कोणी बोलतच नाही, नेहमीप्रमाणे. त्याला शेरवानी देऊन मोकळे होतात आणि होमाच्या वेळी धोतर शोधतात.

पाच फूट अकरा म्हणजे कंबरेपासून घोट्यापर्यंत ४० ते ४२ इंच. सोवळं नेसताना वरचे तीन-चार इंच खोचण्यात जातात. बाजारात सर्रास मिळणारा पन्हा ४४-४५ इंचांचा असतो, म्हणजे हे सोवळं त्याच्या जेमतेम घोट्याशी येणार. पन्हा ४८ ते ५० इंच आणि लांबी साडेचार मीटर मागा. रेशमी कद (सोवळ्याचं रेशमी वस्त्र) घेणार असाल तर शुभ्र पांढरा नको, दुपारच्या उन्हात फोटोत कापड पांढऱ्या डागासारखं उठतं आणि शेजारची पिवळी साडी फिकी पडते. मोतिया रंग, बारीक जरीकाठ.

इलॅस्टिकचं शिवलेलं धोतर होमाला नको. मांडी घातल्यावर त्याचीही बैठक उसवते, आणि काही गुरुजी होमाला शिवलेलं वस्त्र चालवून घेत नाहीत. नेसायला अवघड नाही: कापडाचा मध्य पाठीशी, दोन्ही टोकं पुढे, बेंबीवर घट्ट गाठ, एका बाजूचा काठ पायांमधून मागे नेऊन कासोटा, दुसऱ्या बाजूच्या निऱ्या करून पुढे खोच. वरून सुती करगोटा किंवा अरुंद पट्टा. आत फिकट रंगाची शॉर्ट, गडद रंग रेशमातून दिसतो. घरी जुन्या सुती धोतरावर सराव करू द्या, आणि मुख्य सराव नेसण्याचा नाही, मांडीवरून उठण्याचा. उठताना पुढच्या निऱ्या डाव्या हाताने उचलून धरायच्या, नाहीतर स्वतःच्याच निऱ्यांवर पाय पडून सगळं सुटतं.

वरून काय घालायचं यात एकच अट: ते पुढून पूर्ण उघडणारं हवं. अंगरखा, बंडी, नाहीतर खालपर्यंत बटणं असलेला कुर्ता. मंगलाष्टकांना तो घालून उभा राहील, होमाआधी काढून उपरणं घेईल. डोक्यातून काढायचा कुर्ता असेल तर आधी फेटा उतरवावा लागतो, मग मुंडावळ्या सोडाव्या लागतात, आणि त्या पुन्हा बांधायला खोलीत कोणीच सापडत नाही. जाड अस्तराची शेरवानी मेमध्ये दुपारी नको, संध्याकाळी घालू दे.

उपरणं रेशमी किंवा सुती, दोन-सव्वादोन मीटर. बायकोच्या साडीच्या अंगाचा रंग नवऱ्याला घालू नका, दोघं मिळून एकच पडदा दिसतो. उपरण्याचा काठ तिच्या साडीच्या काठाशी जुळवा. त्याच्या उपरण्याची आणि तिच्या शेल्याची गाठ बांधली जाणार आहे, तेव्हा दोन्ही कापडं गाठ धरणारी हवीत. नायलॉनच्या नेटचा शेला तर नकोच. गाठ घसरते ते एक, पण लाजाहोमात दोघं अग्नीला अगदी जवळून प्रदक्षिणा घालतात. रेशीम किंवा सूत ठिणगीने होरपळेल, सिंथेटिक जाळी वितळून अंगाला चिकटते.

फेटा: साधारण आठ-नऊ मीटर लांब, मीटरभर रुंद कापड. डोक्यावर बांधलेला आणि तयार बांधून आणलेला यांत डोक्यावर बांधलेलाच बसतो. तयार घ्यावाच लागला तर कानांच्या वर बोटभर अंतरावर डोक्याचा घेर मोजा आणि अर्धा इंच जास्त सांगा. घट्ट फेट्याने तासाभरात डोकं ठणकतं. पुणेरी पगडीला मात्र सैल-घट्ट करायची सोय नसते. (२००९ मध्ये तिलाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हौसेने घेणाऱ्यांसाठी.)

मुंडावळ्या आधी, फेटा नंतर. कपाळाच्या मध्यावर आडवा सर, दोरा मागे केसांच्या रेषेखाली बांधायचा, मग फेट्याची कड त्या दोऱ्याच्या जेमतेम वर बसवायची. फेट्यावरून बांधलेल्या मुंडावळ्या घसरून भुवयांवर येतात. फेट्याखाली कपाळ दीड-दोन इंचच उरतं, म्हणून त्याला एकसरी मुंडावळी घ्या, दोनसरी नको. सर हनुवटीच्या वरच संपू देत, नाहीतर हार घालताना फुलांत गुंततात. तुमच्याकडे बाशिंग बांधत असतील तर हिशोब वेगळा, बाशिंगासाठी पुढचा भाग मोकळा राहील असा फेटा बांधायला सांगा. आणि कान पिळायला मेहुणा येतो तेव्हा त्याला उजव्या कानापुरतंच मर्यादित ठेवा. तुऱ्याला हात लागला की फेटेवाल्याला परत बोलवावं लागतं.

कोल्हापुरी चपला आत्ताच घ्या आणि घरात रोज तासभर घालायला लावा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तिळाचं तेल लावलं की कातडं मऊ पडतं. नव्या कोऱ्या चपला अंगठ्याशी सोलतात. एक साधा जोड गाडीत ठेवा, करवल्या पळवणार हे धरून चाला.

करवली_नाशिक

चपलांचं काम माझ्याकडेच आहे, त्यामुळे त्यावर मौन. 😄 शेवटचे दोन प्रश्न. मधल्या अर्ध्या तासात नऊवारीतून शालूत बदलताना केस आणि मुंडावळ्या उतरवाव्या लागतील का? आणि हळदीला काय?

काष्टा_ओचा

हळदीला सुती, जुनं चालेल असं. हळद-तेल रेशमावरून जात नाही. दागिने फुलांचे, मोती तर अजिबात नको.

अर्ध्या तासात केसांना हात लावायचा नाही. मुंडावळ्यांचा दोरा खोप्याच्या खाली मानेवर बांधा, वेणी आणि गजरा त्यावरून माळा, म्हणजे गाठ झाकते आणि दोरा सरकत नाही. दोऱ्याचा रंग काळा घ्या. खोपा मानेच्या मध्यावर ठेवा, फार खाली आला तर ब्लाऊज बदलताना घासतो. दोन्ही ब्लाऊज पुढच्या हुकांचे शिवा, म्हणजे तिला स्वतःलाही लावता येतात.

खोलीत दोनच बायका ठेवा, एक नेसवणारी आणि एक दागिने हातात देणारी. वेळ जातो तो गर्दीने. शालूच्या निऱ्या आदल्या रात्री घडी करून चिमटे लावून ठेवा, पदराच्या घड्या इस्त्री करून पिन लावून ठेवा. परकराची नाडी आधीच ओवलेली असू दे. नऊवारी सोडायला पाच मिनिटं, ब्लाऊज तीन, शालू दहा, तन्मणी काढून ठुशी आणि साज पाच. उरलेल्या वेळात तिला पाणी पाजा आणि काहीतरी खायला द्या, पण नथ काढून.

मोगऱ्याचा गजरा मेच्या दुपारी तीन तासांत तपकिरी पडतो. दोन गजरे आणा, दुसरा ओल्या सुती फडक्यात गुंडाळून एसीच्या खोलीत ठेवा आणि शालूवर तो माळा. हारवाल्याला सांगा की तार नको, दोऱ्यातच ओवायचं. तारेचं टोक नथीत अडकलं की चापाची नथ सगळ्यात आधी पडते.